सवलत घरमालकाला, भुर्दंड भाडेकरूला

पुणे महापालिकेच्या मिळकतकरातील चाळीस टक्के सवलत हा असा एक विषय आहे, की त्यावर शहरातील बहुतेक सर्व पक्षांचे एकमत आहे. नदीकाठ, पाणीपुरवठा, रस्तारुंदी यांपैकी कोणत्याही प्रश्नावर ज्यांची तोंडे दोन दिशांना असतात, ती मंडळी या सवलतीच्या रक्षणासाठी एका व्यासपीठावर येतात. ज्या प्रश्नावर इतके सहज एकमत होते, त्यात कोणाचा तरी आवाज ऐकूच आलेला नसतो, असा सार्वजनिक जीवनातला अनुभव आहे. या सवलतीच्या बाबतीत तो न ऐकलेला आवाज भाडेकरूंचा आहे.

सवलतीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९७० साली महापालिकेने ठराव केला, की मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीची करआकारणी करताना चाळीस टक्के सूट द्यावी. पुढे लेखापरीक्षणात या सवलतीला कायद्याचा आधार नाही असा आक्षेप निघाला आणि २०१८ साली राज्य शासनाने ती बंद करण्याचा निर्णय घेतला. वाढीव बिले घरोघरी पोहोचताच गदारोळ उडाला. २०२३ साली मंत्रिमंडळाने ती पुन्हा बहाल केली. त्या वेळी महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कसबा पेठेची पोटनिवडणूक झाली होती, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना शासनाच्या तत्परतेचे निराळे कारण सांगण्याची गरज नाही.

या सबंध वादात सवलत कायदेशीर की बेकायदेशीर, थकबाकी वसूल करावी की माफ करावी, पी.टी. ३ हा अर्ज कधीपर्यंत भरून द्यावा, अशा गोष्टींचा काथ्याकूट पुष्कळ झाला. ही सवलत न्याय्य आहे काय, हा मूळ प्रश्न मात्र बाजूला राहिला.

साध्या अंकगणिताचा निवाडा

समजा, एका इमारतीत एकाच मजल्यावर समोरासमोर दोन सारख्या सदनिका आहेत. क्षेत्रफळ तेच, बांधकाम तेच, वय तेच. एकीत मालक स्वतः राहतो, दुसरीत भाडेकरू. भाड्याने दिलेल्या सदनिकेचा कर शंभर रुपये धरला, तर मालकाच्या राहत्या सदनिकेचा कर साठ रुपये होतो. याला ‘चाळीस टक्के सूट’ असे गोंडस नाव आहे. पण तोच हिशेब समोरच्या दारातून वाचला, तर साठाच्या जागी शंभर, म्हणजे दोन-तृतीयांश अधिक कर, असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही घरांचा कचरा एकच घंटागाडी नेते. दोन्ही घरांत एकाच जलवाहिनीचे पाणी येते. दोन्ही घरांतली मुले त्याच रस्त्याने शाळेत जातात. मग हा दोन-तृतीयांशाचा जादा भार कोणत्या सेवेचा मोबदला आहे?

याचे उत्तर महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या एका संदर्भात स्वतःच दिलेले आहे. सदनिका भाड्याने दिली की सहकारी गृहनिर्माण संस्था मालकाकडून भरमसाट बिनभोगवटा शुल्क उकळीत असत. २००१ साली शासनाने आदेश काढून हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे बंधन घातले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने पुढे ते उचलून धरले. जे शासन संस्थेला दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही, तेच शासन महापालिकेला त्याच सदनिकेवर कराचा दोन-तृतीयांश जादा बोजा टाकण्याची खास परवानगी देते. संस्थेने केली तर नफेखोरी आणि महापालिकेने केली तर पुणेकरांना दिलासा, असा हा न्याय आहे.

हा रोग पुण्यापुरता नाही. बंगळूरु महापालिकेने २००८ साली क्षेत्रफळावर आधारित करपद्धती लागू केली, तेव्हा भाड्याच्या घराचा चौरस फुटाचा दर मालकाच्या राहत्या घराच्या दुप्पट ठेवला. आकडे निराळे, विचार तोच: घरमालक हा नागरिक आणि भाडेकरू हा पाहुणा.

कर कोणाच्या खिशातून जातो?

यावर तत्काळ उत्तर येते, की कराचे बिल तर मालकाच्या नावाने निघते, भाडेकरूचा येथे संबंध काय? हे म्हणणे वरकरणी सयुक्तिक वाटते, परंतु कर कोण भरतो आणि कोण सोसतो या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे.

घरावरील कराचे दोन भाग असतात. एक भाग जमिनीच्या मूल्यावर पडतो, दुसरा बांधकामाच्या. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथने हा भेद स्पष्ट केला होता. जमिनीचा मालक तिच्यासाठी मिळेल तेवढे भाडे आधीच घेत असतो, म्हणून जमिनीवरील कर त्याला दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. बांधकामावरील कराचे तसे नाही. भाड्याची घरे बांधणे परवडेनासे झाले की ती कमी बांधली जातात आणि कालांतराने भाडे वाढून कराचा भार भाडेकरूवर येतो.

पण पुण्याची सवलत या दोन्हींहून वाईट प्रकारची आहे. सर्व घरांवर सारखा कर असेल, तर मालकाला त्यातून सुटका नाही. केवळ भाड्याने दिलेल्या घरावर जादा कर असेल, तर त्यातून सुटण्याच्या वाटा अनेक आहेत: घर विकावे, नातेवाइकाच्या नावाने दाखवावे, कुलूप लावून ठेवावे, किंवा भाडेकरू असूनही तो नाहीच असे कागदावर दाखवावे. ज्याला पळवाट आहे त्याच्यावर कराचा भार टिकत नाही. तो ज्याला पळवाट नाही त्याच्या अंगावर येतो. नोकरीसाठी हिंजवडीला आलेला तरुण, शाळेच्या अंतरामुळे पेठा सोडू न शकणारे कुटुंब, कंत्राटी कामगार, परिचारिका यांना शहरात डोक्यावर छप्पर हवेच असते. पळवाट नसलेला माणूस तो हाच.

यातली शेवटची पळवाट सर्वांत घातक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाड्याचा वा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. परंतु जेथे नोंदणी म्हणजे भाडेकरू असल्याचा पुरावा, आणि भाडेकरू असणे म्हणजे सवलत जाणे, तेथे मालकाला नोंदणी टाळण्याचे बक्षीस महापालिकाच देत असते. नोंदणी नसलेल्या भाडेकरूजवळ पत्त्याचा पुरावा नसतो, अनामत परत मागायला कागद नसतो आणि महिनाअखेर घर सोडा म्हटले तर तोंड उघडण्याची सोय नसते. चाळीस टक्क्यांची किंमत ही अशी केवळ रुपयांत मोजता येत नाही.

भाडेकरू हाही करदाता

‘करदाते पुणेकर’ हा शब्दप्रयोग शहरात मोठ्या अभिमानाने वापरला जातो. त्यात भाडेकरू नसतो. वस्तुतः आपल्याकडील कायद्याने भाडेकरूला करदाता म्हणून फार पूर्वी ओळखले होते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात भाड्याच्या मिळकतीचा कर प्रथम मालकाकडून घ्यावा असे असले, तरी करपात्र मूल्य प्रत्यक्ष भाड्यापेक्षा अधिक असेल तर त्या फरकावरील कर भाडेकरूकडून वसूल करण्याचा हक्क मालकाला दिलेला आहे. म्हणजे मालकाच्या हातून भाडेकरूच कर भरतो, हे वास्तव परकीय सरकारच्या कायद्यालाही मान्य होते. पुढे १९२२ च्या दुरुस्तीने मुंबईत दरमहा किमान दहा रुपये भाडे देणाऱ्यांनाही पालिकेच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला. भाडे देतो तो शहर चालवितो, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वी मान्य झाले. प्रौढ मताधिकारावरील पहिली निवडणूक मुंबईत १९४८ साली झाली आणि हा प्रश्न कायमचा निकालात निघाला, असे वाटले होते. आज कराच्या दाराने तोच भेद परत आला आहे.

जकात असेपर्यंत तर भाडेकरू कर भरीत नाही असे म्हणण्याची सोयच नव्हती. नाक्यावर अडलेल्या प्रत्येक पोत्यामागे मालक-भाडेकरू दोघेही सारखेच कर भरीत. पुण्यात २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, २०१५ साली तोही बहुतांश व्यापाऱ्यांपुरता गेला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर महापालिकांच्या हाती शासनाच्या अनुदानाखेरीज मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क एवढेच उरले. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना केली तर आपला मिळकतकर एका टक्क्याच्या पाव भागाहूनही कमी भरतो. असा तुटपुंजा पण एकुलता एक भरवशाचा कर जेव्हा अन्यायाने वाटला जातो, तेव्हा तो वाढविण्याचा नैतिक अधिकारही नगरपालिका गमावून बसते.

आक्षेपांचा परामर्श

पहिला आक्षेप असा, की भाड्याने घर देणारा त्यातून कमावतो, मग त्याने अधिक कर का देऊ नये? अवश्य द्यावा, पण तो उत्पन्नावरचा कर झाला, आणि तो केंद्र सरकार घेतच आहे. भाड्यातून तीस टक्के वजावट देऊन उरलेली रक्कम मालकाच्या उत्पन्नात धरली जाते. उलट, मालक स्वतः राहतो त्या घराचे उत्पन्न प्राप्तिकर कायदा शून्य मानतो, आणि २०१९ पासून एक नव्हे, दोन घरांचे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यालाही घर भाड्याइतका लाभ देतच असते. तो लाभ रोखीने हाती येत नाही एवढेच. केंद्राने त्याला एकदा सोडले, पालिकेने पुन्हा का सोडावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणारी, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्धा वाढीव कर कोठून भरणार? जमीन लाखमोलाची, हाती पैसा नाही, ही तिची अडचण खरी आहे. पण तिच्या नावाने मागितलेली सवलत बाणेर-बालेवाडीच्या आलिशान सदनिकेलाही त्याच टक्क्यांनी मिळते, आणि कर मोठा म्हणून रुपयांत कितीतरी अधिक मिळते. वृद्धेला पुढे करून धनिकाची झोळी भरण्याचा हा जुना डाव आहे. तिच्यासाठी उपाय साधा आहे: कराची वसुली पुढे ढकलावी. हयातीत तिच्याकडून कर मागू नये. तो मिळकतीवर बोजा म्हणून नोंदवावा आणि वाडा विकला किंवा विकसनाला दिला की वसूल करावा. यात तिला त्रास नाही आणि शहराचे नुकसानही नाही.

तिसरा आक्षेप जुन्या भाडेकरूंचा. मुंबईच्या पागडीच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत असे भाडेकरू आहेत, की ज्यांचे भाडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दराशी बांधले गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गिरणी कामगाराला आणि कारकुनाला घर टिकवून दिले, हे त्याचे ऋण विसरता येणार नाही. परंतु भाडे गोठले तसा करही गोठला. १९७९ साली दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रमाणभूत भाड्यापेक्षा अधिक करपात्र मूल्य धरता येणार नाही. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, पालिकेचे उत्पन्न खुंटले आणि मुंबई बेटावरील सुमारे १९,६०० जुन्या इमारतींसाठी १९६९ साली शासनाला उपकर घेऊन दुरुस्ती मंडळ उभारावे लागले. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेच गोठविलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही असे म्हटले. यातून घ्यायचा धडा हा, की कर प्रत्यक्ष भाड्याला बांधणे चुकीचे आहे. चाळीतील दहा रुपये भाड्याचा रहिवासी आणि अकरा महिन्यांच्या करारावर दरवर्षी सामान हलविणारा रहिवासी हे दोघेही भाडेकरू. पण पहिल्याला कायद्याचे कवच आहे आणि चाळीस टक्क्यांचा घाव बसतो तो दुसऱ्याला.

मुंबईची माफी, विलायतेचा इशारा

मुंबईने २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर आकारण्याचे धोरण स्वीकारले, ही दिशा योग्य होती. पण जमिनीवर पुढे होऊ शकणाऱ्या बांधकामाचे मूल्य आजच धरू पाहणारे नियम न्यायालयाने रद्द केले आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षाच्या आरंभी पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना संपूर्ण करमाफी जाहीर झाली. गिरणगावातील कुटुंबाला त्याचा लाभ झाला, हे चांगलेच आहे. पण या माफीचे माप चौरस फुटांचे आहे, माणसाच्या ऐपतीचे नाही. छोट्या सदनिका गुंतवणूक म्हणून घेऊन भाड्याने देणाऱ्याचा कर माफ झाला, म्हणून त्याने भाडेकरूचे भाडे उतरविले काय? पुण्यात भाडेकरूवर जादा कर, मुंबईत भाडेकरूच्या नावावर मालकाला माफी. दोन्हीकडे भाडेकरूच्या पदरात शून्य.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. घर कोणाचे याचा विचारच सोडून देऊन प्रत्येक डोक्यामागे सारखा कर घेण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने केला: १९८९ साली स्कॉटलंडमध्ये, १९९० साली इंग्लंड व वेल्समध्ये. उमरावाच्या हवेलीला आणि खोलीत राहणाऱ्या कामगाराला एकच आकार. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात त्या कराविरुद्ध दंगल उसळली, वर्ष संपण्यापूर्वी पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले आणि १९९३ साली तो कर गेला. भाडेकरूला करदाता म्हणून मान्यता द्यावी याचा अर्थ त्याच्यावर नवी पट्टी बसवावी असा नव्हे. तो आधीच भाड्यातून जे देतो त्याचा हिशेब लागावा, एवढाच.

न्याय्य कराची रूपरेषा

न्याय्य व्यवस्था कशी असावी हे सांगणे अवघड नाही. पहिली गोष्ट, घरात कोण राहतो यावरून दर बदलता कामा नये. समजा, सारख्या मूल्याची शंभर घरे आहेत. सत्तरांत मालक राहतात आणि तीस भाड्याने दिली आहेत. आजच्या पद्धतीने सत्तर घरांचे प्रत्येकी साठ आणि तीस घरांचे प्रत्येकी शंभर, असे मिळून ७,२०० रुपये येतात. तेच ७,२०० सर्वांकडून सारखे घेतले तर प्रत्येकी बहात्तर रुपये पडतात. मालकाचे बारा वाढतात, भाड्याच्या घराचे अठ्ठावीस उतरतात आणि पालिकेचा एक पैसाही बुडत नाही. हा बारा रुपयांचा न्याय टाळण्यासाठी एवढे एकमत आहे.

दुसरी गोष्ट, सवलत द्यायची तर ती मालकीला देऊ नये, राहत्या कुटुंबाला द्यावी. ठराविक क्षेत्रफळापर्यंतचा कर प्रत्येक कुटुंबाला एकदाच माफ असावा, मग ते स्वतःच्या घरात राहो वा भाड्याच्या. नोंदणीकृत कराराच्या आधारे भाडेकरूचे नाव बिलावर छापावे आणि सवलतीची रक्कम भाड्यातून वळती करण्याचे बंधन कायद्याने घालावे. पुढच्या करारात मालक ती गिळंकृत करील, अशी शंका घेतली जाईल. काही प्रमाणात तसे घडेलही. पण आज ज्या नोंदणीने भाडेकरूचे नुकसान होते तीच उद्या त्याच्या फायद्याची होईल, आणि ती मागण्याचे बळ त्याच्या हाती येईल.

तिसरी गोष्ट, जादा कर बसवायचाच असेल तर तो कुलूपबंद घरांवर बसवावा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. आपले जुने पालिका कायदे रिकाम्या इमारतीला कराचा परतावा देण्याची भाषा करतात. ती भाषा आता उलटली पाहिजे. घर अडवून ठेवणारा शहराचे देणे लागतो, शहर त्याचे नव्हे.

चौथी गोष्ट, कराचे वजन हळूहळू बांधकामावरून जमिनीच्या मूल्याकडे न्यावे. मेट्रोचे स्थानक आले, उड्डाणपूल झाला, वाढीव चटईक्षेत्र मिळाले की जमिनीचा भाव चढतो. त्यात मालकाच्या श्रमाचा अंश नसतो, सगळ्या शहराच्या पैशाचा असतो. वाढलेल्या भाड्याच्या रूपाने भाडेकरू त्या मेट्रोची किंमत दुसऱ्यांदा मोजतो आणि मालक मात्र वाढलेले मूल्य खिशात घालून सवलतीचा अर्ज भरतो. समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडे परत यावे, एवढी मागणी करायला फार क्रांतिकारक असण्याची आवश्यकता नाही.

हे घडविण्याची जबाबदारी अर्थातच डाव्या आणि समाजवादी चळवळीवर येते. एके काळी भाडेकरू संघ हे या चळवळीचे हुकमी बळ होते. पागडीच्या भाडेकरूचे रक्षण करताना अकरा महिन्यांच्या भाडेकरूची दखल घ्यायची राहून गेली. तो दरवर्षी पत्ता बदलतो, मतदार यादीत त्याचे नाव जुन्या गावी राहते, आणि म्हणून कोणत्याही उमेदवाराला त्याची भीती वाटत नाही. पण शहर रोज उठून चालविणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे. ज्या सवलतीवर सर्व पक्षांचे एकमत आहे, तिच्याविरुद्ध त्याच्या बाजूने बोलणारा एक तरी पक्ष असला पाहिजे. मते मिळण्यापूर्वी न्यायाची बाजू घेण्याची हिंमत ज्याच्यात नसेल, त्याने स्वतःला समाजवादी म्हणवून घेऊ नये.